अस्तरात गेलेला शेवट

"संपलं की," दादा म्हणाला. "दोनशे अठ्ठ्याऐंशी पृष्ठांचं पुस्तक. बांधून झालं, वाळून झालं. आणखी काय पाहिजे तुला?"

बाईंनी पुस्तक पुन्हा शेवटाकडून उघडलं. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पृष्ठाच्या तळाशी छापलं होतं, 'पुलाच्या मधोमध ती थांबली, मागे वळली आणि'. त्याच्यापुढे थेट दादाने चिकटवलेला निळा कोरा कागद होता. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही.

"दादा, वाक्य 'आणि'वर संपत नसतं."

"हल्लीची पुस्तकं आहेत. कशावरही संपतात."

"अनुक्रमणिकेत शेवटचं प्रकरण दोनशे एक्क्याण्णववर आहे."

दादाने हातातलं दाभण खाली ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवला, पुस्तक हातात घेतलं आणि त्याचा कणा अंगठ्याने दाबून पाहिला. कणा चांगला होता. दादाच्या मते पुस्तकाचा कणा चांगला असला की बाकीचं लेखकाने पाहावं.

वाचनालय दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत कपाटं, एक लांब टेबल आणि बाई. मागच्या खोलीत पुस्तकं दाबायचा शिकंजा, पुठ्ठे, खळीचं पातेलं आणि दादा. बाई चोपन्न वर्षांच्या, दादा त्यांचा सख्खा भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. अख्खं गाव त्यांना बाई म्हणे. दादा एकटा अजून चिमे म्हणायचा. संस्थापकांच्या काळापासून एक नियम होता : नवं पुस्तक आलं की वाचकाच्या हाती देण्याआधी ते मागच्या खोलीत जायचं. प्रकाशकाची बांधणी तिसऱ्या वाचकापर्यंत टिकत नाही, म्हणून दादा आधी पुस्तक उसवायचा, सोळा-सोळा पृष्ठांचे फर्मे वेगळे करायचा, मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा शिवायचा आणि वर पुठ्ठा चढवायचा. एकतीस वर्षं तो हे करत होता. एकतीस वर्षांत त्याने बांधलेलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. "वाचत बसलो तर बांधणार कधी," असं त्याचं म्हणणं.

"शेवटचा फर्मा कुठे ठेवलास?"

"शेवटचा म्हणजे जाहिरातींचा?"

बाई खुर्चीवर बसल्या.

"त्याच्या मागच्या बाजूला यादी होती ना," दादा सांगू लागला, "आमची इतर पुस्तकं म्हणून. ती मी कधी बांधत नाही. कागद चांगला असतो, कण्याच्या आत अस्तराला लावतो. गेल्या आठवड्यात चार पुस्तकं केली, त्यांना लावून टाकला. आठ पानं, प्रत्येकी दोन. बरोब्बर पुरली."

"दादा, यादी शेवटच्या एका पानाच्या मागे होती. बाकीच्या सात पानांवर गोष्ट होती."

"मग तसं वर लिहायला नको का त्यांनी," दादा म्हणाला.

एखाद्या साध्या पुस्तकाचं असं झालं असतं तर बाईंनी कपाळावर हात मारला असता आणि विषय संपला असता. पण हा 'राखेची सनद'चा दुसरा भाग होता. पहिल्या भागाने गावातल्या चौदा ते अठरा वयाच्या पोरांना वेड लावलं होतं. त्यात एक दिवेवाली होती. ती राजवाड्यात दिवे लावायची आणि तिला मंत्र यायचे, पण मंत्र म्हटला की दर वेळी तिची एक आठवण राख होऊन जायची. एक कोवळा राजा होता, तो तिच्यावर जीव टाकायचा. एक नावाडी होता, तोही टाकायचा. ती कोणावर टाकते, हे पहिल्या भागाने सांगितलं नव्हतं. त्यावरून पोरांमध्ये राजाकडचे आणि नावाड्याकडचे असे दोन तट पडले होते आणि एका बाकावर बसणाऱ्या दोघी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. दुसऱ्या भागासाठी तेवीस जणांनी नावं नोंदवली होती. शेवट दुसरीकडून कोणी कळवून घ्यायचा नाही, अशी शपथही सगळ्यांनी मिळून घेतली होती. यादीत पहिलं नाव होतं वाचनालयाच्या अध्यक्षांच्या नातीचं.

आणि खरी गोम तिथेच होती.

दोन वर्षांपूर्वी दादाने एका रहस्यकथेच्या मागे गुलाबांच्या छाटणीचा फर्मा शिवला होता. ती रहस्यकथा नेली नेमकी अध्यक्षांनी. अध्यक्ष पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. खुनी खोलीत शिरतो, दार लावून घेतो आणि पुढच्या पृष्ठावर 'फांदी तिरपी कापावी' असं वाचून ते तसेच छत्री न घेता वाचनालयात आले होते. खून कोणी केला हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. त्यानंतर आलेलं पत्र बाईंच्या खणात होतं : यापुढे एकही पुस्तक बांधणीत बिघडल्यास मागची खोली रिकामी करून घेण्यात येईल व बांधणीचं काम यंत्राच्या दुकानाकडे सोपवण्यात येईल.

दादाने ते पत्र वाचलं नव्हतं. बाईंनी त्याला "जरा जपून कर म्हणालेत" एवढंच सांगितलं होतं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस शिकंज्याचं चाक फिरवता फिरवता जेव्हा शीळ घालायचा, तेव्हा ती पुढच्या खोलीत ऐकू यायची आणि बाईंचं काम हलकं व्हायचं. त्या खोलीत यंत्राच्या दुकानाने दिलेले पुस्तकांचे गठ्ठे रचलेले असतील, शीळ नसेल, हे चित्र त्यांना सहन होत नव्हतं.

"ती चार पुस्तकं कोणती?" त्यांनी विचारलं.

दादाने बोटांवर मोजलं. "शब्दकोश. कुक्कुटपालन. 'ताप आणि त्याचे प्रकार'. आणि ते विजेचं."

शब्दकोश टेबलावरच होता. दोघांनी तो चहाच्या आधणावर धरला. वाफेने खळ सैल झाली, पण दादाची खळ ही दादाची खळ होती. दोन पानांतलं एक निघता निघता तीन तुकडे झालं आणि दुसऱ्यावर एकच ओळ वाचता आली : 'नावाड्याने तिच्याकडे पाहिलं नाही.'

"लाजला असेल," दादा म्हणाला.

कुक्कुटपालन कोंबड्यांच्या काकूंकडे होतं. काकूंनी दारातूनच हात जोडले. "बाई, आज चौदावा दिवस आहे. एकविसाव्याला पिल्लं बाहेर येणार. पंधराव्याला अंडी किती वेळा फिरवायची हे त्यातच लिहिलंय. पुस्तक आत्ता नेलंत तर चोवीस जिवांचं पाप तुमच्या डोक्यावर."

"मला फक्त त्याचा कणा बघायचाय, काकू."

"कणा पिल्लं आली की बघा. पळून जातोय का तो."

'ताप आणि त्याचे प्रकार' दुसऱ्या वाचनालयाला अदलाबदलीत गेलं होतं. अदलाबदलीत गेलेलं पुस्तक परत आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. राहिलं विजेचं. बाईंनी नोंदवही उघडली, बोट ओळीवरून फिरवलं आणि वही हळूच मिटली.

'घरच्या घरी वीजदुरुस्ती' अध्यक्षांनी नेलं होतं. त्यांच्या जिन्यातला दिवा तीन आठवडे लुकलुकत होता.

चार वाजता नात आली. सोळा वर्षांची, दप्तर एका खांद्यावर, श्वास अर्ध्या वाटेवर.

"आलं का, बाई?"

"आलंय. शिकंज्यात आहे."

"कधी निघेल?"

"सोमवारी."

"आज मंगळवार आहे."

"खळ ओली आहे गं. ओलं पुस्तक उघडलं की त्याला कायमचं दुखणं लागतं."

नातीने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथे दादा घाईघाईने शिकंज्यात काहीतरी दाबत होता. ते काहीतरी म्हणजे त्याचा जेवणाचा डबा होता, पण दुरून कळत नव्हतं.

ती गेल्यावर बाईंनी पुस्तकाच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "पहिली छपाई संपली. दुसरी यायला तीन महिने. तुम्हाला मिळालंय ना, मग पुन्हा कशाला?"

"आवडलं म्हणून," बाई म्हणाल्या.

बुधवारी त्या दोन्ही भाग घरी घेऊन गेल्या. असली पुस्तकं त्यांना आवडत नसत. मंत्र, मुकुट, उसासे; कोण मेलं तरी पुढच्या भागात उठून बसतं. शेवट काय झाला असेल याचा अंदाज यावा, एवढ्यापुरतं चाळू, असं म्हणून त्यांनी पहिला भाग उघडला. शुक्रवारी दुपारी दादा ताट वाढून थांबला तेव्हा त्या दुसऱ्या भागाच्या दोनशे बाराव्या पृष्ठावर होत्या आणि भात गार झाला होता.

"चिमे, रडतेस काय?"

"ती आपलं गाणं विसरली रे. आईने शिकवलेलं. दिवा विझू नये म्हणून मंत्र म्हटला आणि गाणं गेलं."

"मग म्हणायचा नाही मंत्र."

"दिवा विझला असता."

"काडेपेटी नव्हती?" दादाने विचारलं आणि आमटी पुन्हा गरम करायला आत गेला.

शनिवारी त्या लिहायला बसल्या. पुस्तकाने दिवेवालीला पुलाच्या मधोमध आणून सोडलं होतं. दोन्ही तीरांवर सैन्य. एका तीरावर राजा, दुसऱ्या तीरावर नावाडी. राज्याची फाटलेली सनद तिच्या हातात आणि सगळ्यात मोठा मंत्र तिच्या ओठांवर. तो मंत्र म्हटला की ऐकणाऱ्या प्रत्येकाची सगळी आठवण राख होणार होती, तिचीही. इथून पुढे सोळा पृष्ठं बाईंची होती.

मंत्र म्हणायला लावणं सोपं होतं. सैनिक कशासाठी लढतोय तेच विसरले, एकमेकांना पत्ता विचारत घरी गेले. राजा आपण राजा आहोत हे विसरला आणि त्याला फार बरं वाटलं. त्याने पुलावर पडलेला दिवा उचलला आणि आपल्याला तो नीट धरता येतो, याचं त्याला नवल वाटलं. पण दिवेवालीचं काय. तीही विसरली. नावाडीही विसरला. आता कोणाला काहीच आठवत नसताना कोणाचं लग्न कोणाशी लावायचं, इथे बाईंची लेखणी अडली. दिवसभर अडली.

रविवारी सकाळी दादा त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कागद होते. मूळ पुस्तकाच्या कागदासारखा पिवळसरपणा यावा म्हणून त्याने ते चहाच्या पाण्यात बुडवून, दोरीवर वाळवून, इस्तरी फिरवून आणले होते. सात वेळा जमलं नव्हतं, आठव्या वेळी जमलं होतं.

"रंग बघ," तो म्हणाला.

बाईंनी कागद पाहिला, मग दादाची बोटं पाहिली. बोटांना चहाचा रंग होता, अंगठ्यावर दोऱ्याने पडलेली जुनी खाच होती.

"दादा, एखादी गाठ कोणी मारलीय हे गाठ बघून कळतं?"

"न कळायला काय झालं. खाटीक वेगळी मारतो, शिंपी वेगळी मारतो. नावाड्याची तर ओढली की घट्ट होते आणि ढकलली की सुटते. शंभरात ओळखीन."

"थांब जरा. पुन्हा सांग."

त्या दिवशी दुपारपर्यंत शेवट झाला. पुलाखाली एक म्हातारा पुस्तकं बांधणारा बसलेला होता. फाटलेली सनद शिवायला त्याला बोलावलं होतं. तो ठार बहिरा असल्यामुळे मंत्र त्याला ऐकूच आला नाही. सगळं जग विसरलं, त्याचं मात्र सगळं जागच्या जागी राहिलं. दिवेवाली त्याच्यापाशी आली आणि खुणेने विचारलं, मी कोण, कोणाची. म्हाताऱ्याला प्रेमातलं काही कळत नव्हतं. तिच्या मनगटावर पहिल्या भागापासून एक दोरा होता, कोणी बांधला ते न सांगितलेला; त्याने तो पाहिला आणि म्हणाला, ही गाठ नावाड्याची आहे. मग त्याने सनद शिवली, पण पानं उलटसुलट लावून, म्हणजे पुन्हा कोणाला ती सरळ वाचून राज्य करता येऊ नये. आणि दिवेवालीला गाणं आठवत नव्हतं तरी तिच्या तोंडून दोन ओळी आल्या :

दिवा सोडला पाण्यात, पाणी म्हणे जाऊ कुठे
गाठ बांधली मनगटी, तिथून गं वाट फुटे

ओळी लिहिताना बाईंना भान राहिलं नाही, एवढंच. वाचनालयाच्या भिंतीवरच्या सूचनाही त्याच लिहीत आणि त्याही अशाच चालीवर. पाण्याच्या पिंपावर लिहिलेलं होतं, 'पुस्तक घेऊन जा बाई, हळू उलट गं पानं, दुमडू नको कोपरे, त्याला दुखतात कान'.

सभासदांची कार्डं छापायच्या यंत्रावर सोळा पृष्ठं छापली. दादाने ती शिवली, कणा ठोकला, निळा कागद पुन्हा लावला. सोमवारी चार वाजता नातीच्या हातात पुस्तक पडलं तेव्हा बाईंनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

बुधवारी नात आली. डोळे सुजलेले होते. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, सरळ मागच्या खोलीच्या दारात गेली आणि दादाकडे बघत उभी राहिली.

"काय गं पोरी?" दादा म्हणाला.

"काही नाही. तुम्ही बांधा."

त्यानंतर गोष्ट हाताबाहेर गेली. पुस्तक एकेका दिवसात फिरू लागलं. राजाकडचे खूश, कारण राजा सुटला. नावाड्याकडचे खूश, कारण गाठ त्याची निघाली. एका बाकावरच्या त्या दोघी पुन्हा बोलू लागल्या आणि आता वर्गात गप्प बसत नाहीत अशी शाळेची तक्रार आली. पोरं मनगटाला दोरे बांधून फिरू लागली. ती नावाड्याची गाठ शिकायला दादाकडे येत, खळीच्या पातेल्याभोवती बसत, आणि दादा त्यांना "ओढ, आता ढकल, आता ओढ" करत शिकवी. मागच्या खोलीत एवढी माणसं एकतीस वर्षांत आली नव्हती.

"हे सगळे कशाला येतात गं?" दादाने विचारलं.

"गाठ शिकायला."

"ते दिसतंय. माझ्याशी बोलताना इतकं मोठ्याने का बोलतात?"

बाईंनी कार्डांची पेटी उगाच नीट लावली.

पुलावरच्या दोन ओळी शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिलेल्या दिसल्या. मग बसथांब्यावर दिसल्या. बाई बसथांबा टाळून चालत जाऊ लागल्या. त्यातच महिनाभराने, पिल्लं हिंडूफिरू लागल्यावर, कोंबड्यांच्या काकू कुक्कुटपालन परत घेऊन आल्या.

"एकोणीस आली," त्या म्हणाल्या. "बघा आता तुमचा कणा."

कण्यातली दोन पानं आश्चर्यकारकरीत्या अखंड निघाली. बाईंनी ती उभ्या उभ्या वाचली आणि मग बसून वाचली. मूळ पुस्तकात नावाडी फितूर होता. पहिल्या भागापासून शत्रूचा हेर होता; दिवेवालीच्या मनगटावरचा दोरा त्याने तिला ओळखता यावं म्हणून बांधला होता. म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"लाजला नव्हता," बाई म्हणाल्या.

"कोण?" दादा आतून ओरडला.

"कोणी नाही. तू बांध."

गावातल्या तेवीस मुलांच्या मनगटांवर एका हेराची गाठ होती आणि दुसरी छपाई यायला दोन महिने उरले होते. बाईंनी ती पानं खणात, अध्यक्षांच्या पत्राखाली ठेवली. काय करायचं हे ठरायच्या आतच पुढचं घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडलं तेव्हा अध्यक्ष दारात उभे होते. काखेत 'घरच्या घरी वीजदुरुस्ती' होतं. पुस्तकाचा कणा उघडा पडला होता.

"जिन्यावरून पडलं," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे मीच पडलो. पुस्तक हातात होतं."

"लागलं का तुम्हाला?"

"मला नाही. दिवाही लागला नाही." ते खुर्चीवर बसले. पुस्तकातून त्यांनी दोन पानं काढली आणि टेबलावर, एकाला एक लागून, पाइपाचे नकाशे मांडावेत तशी मांडली. कडांना सुकलेली खळ होती. "हे अस्तरातून निघालं. वाचलं मी. तुम्ही वाचलंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि हे खरं होतं.

"मग वाचा."

बाईंनी वाचलं. शेवटच्या पानावर दिवेवाली पुलावर उभी होती. तिच्या पाठीला काहीतरी थंड लागलं. ती वळली नाही. त्याच्याखाली ठसठशीत अक्षरांत होतं : पुढे काय झालं, वाचा तिसऱ्या भागात. मागच्या बाजूला प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी होती.

मागच्या खोलीत दादा शीळ घालत शिकंज्याचं चाक फिरवत होता. बाईंना वाटलं, ही शीळ आपण नीट ऐकून घ्यावी.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "बांधल्यावर पुस्तक तपासायचं काम माझं. ते पत्र मी त्याला दाखवलेलंही नाही. त्याला काही बोलू नका."

"मी कुठे काय बोललो." अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हे निघाल्याबरोबर मी नातीला हाक मारली. म्हटलं, तुझं शेवटचं पान माझ्या विजेच्या पुस्तकात सापडलंय, बघ. तिने वाचलं. मला म्हणाली, आजोबा, हे खोटं आहे. मी म्हटलं, छापलेलं आहे. ती म्हणाली, छापलं म्हणून काय झालं, अर्धवट आहे. कोणीतरी कच्चं लिहून टाकून दिलेलं दिसतंय, रद्दीत गेलं ते बरंच झालं. खरं पान वाचनालयात आहे."

बाईंनी नोंदवही उघडली आणि पुन्हा मिटली.

"मग मी तिला ते वाचनालयातलं मैत्रिणीकडून आणायला लावलं. रात्रभर बसलो नाही, सकाळी चहाबरोबर वाचलं. तशी मला ही पुस्तकं चालत नाहीत." अध्यक्षांनी मान वळवून पाण्याच्या पिंपावरच्या सूचनेकडे पाहिलं. सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. "पुलावर ती जे गाते ना, ते आणि हे, दोघी बहिणी दिसतात."

"चाल एक आहे," बाई कशाबशा म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी. नाक एकच आहे." त्यांनी दोन्ही पानं उचलली, वीजदुरुस्तीच्या उघड्या कण्यात ठेवली आणि पुस्तक बाईंपुढे सरकवलं. "हे जिथे होतं तिथेच पुन्हा चिकटवायला सांगा. घट्ट. पुन्हा निघता कामा नये. गळती कुठे आहे ते कळल्यावर ती बंद करायची असते, गावभर दाखवत फिरायचं नसतं."

"आणि यंत्राचं दुकान?"

"यंत्राला हे जमलं नसतं," अध्यक्ष म्हणाले. ते उठले, दारापर्यंत गेले, तिथून परत फिरले आणि आवाज खाली आणला. "बाई, एक विचारू का. ती रहस्यकथा. दोन वर्षांपूर्वीची. तो खोलीत शिरतो आणि दार लावून घेतो. तुम्हाला वेळ झाला कधी, तर बघा ना काही. घाई नाही."

ते गेले.  मग बाईंनी खणातली कुक्कुटपालनातली पानंही काढली आणि सगळं मागच्या खोलीत नेऊन दादापुढे ठेवलं.

"हे अस्तराला लाव. मागे लावलं होतंस तसंच."

दादाने खळीचं पातेलं ओढलं, कुंचला बुडवला, पहिलं पान हातात घेतलं आणि थांबला. चष्मा कपाळावरून खाली आणला. एकतीस वर्षांत बाईंनी त्याला असं करताना पाहिलं नव्हतं. त्याचे ओठ हलत होते. तो ओळीवर बोट ठेवून वाचत होता.

"पोरीला पुलावर एकटीच उभी करून गेलेत की गं," तो शेवटी म्हणाला. "पाठीला काहीतरी लावून." त्याने पानावर खळीचा एक भरपूर, निवांत हात फिरवला आणि ते कण्यात बसवून अंगठ्याने दाबलं. "बस इथेच."

दुसरं पान लावलं, तिसरं लावलं. चौथ्याला त्याने कुंचला परत पातेल्यात टेकवला.

"चिमे."

"काय?"

"तुझं ते मी रविवारीच वाचलं. शिवताना."

बाईंनी खळीचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

"चांगलं आहे. गाठही बरोबर सांगितलीस." त्याने चौथं पान उजेडाकडे धरून पाहिलं आणि मग त्याच्याआडून म्हणाला, "फक्त त्याला बहिरा कशाला केलास. मला सगळं ऐकू येतं."